चिंचोक्यावरचा सडा

चिंचोक्यावर सूर्य दिवसातून नऊ वेळा उगवतो, सडा मात्र एकदाच पडतो. इतक्यांपैकी कुठल्या उगवतीला तो घालायचा यावरून पहिल्या वस्तीकरांत म्हणे चांगलीच जुंपली होती. शेवटी तोडगा निघाला तो असा, की वस्तीतले दिवे उजळले की सकाळ आणि मंद झाले की रात्र, बाहेर सूर्याला काय नाचायचं ते नाचू दे! तेव्हापासून दिवे उजळले की चाळीसच्या चाळीस दारांतून वाफेचा एकेक फवारा सुटतो, उंबऱ्यावरची काळी धूळ लांब उडून जाते आणि चिंचोक्याची सकाळ होते.

हा चिंचोका म्हणजे एक धोंडा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतला हा अगदीच किरकोळ, जेमतेम तीनशे मीटरचा, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला. पण त्याच्या पोटात बर्फ निघाला. बर्फ म्हणजे पाणी, आणि पाण्यापासून हवाही मिळते आणि जहाजांचं इंधनही. तो खणायला माणसं हवी होती. कोयनेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या डोंगर पोखरून बोगदे काढणाऱ्या घराण्यांतली पोरं पुढे झाली. बोगदा सह्याद्रीत काढला काय आणि आभाळात काढला काय, असं म्हणत ती आली, धोंड्याचा आकार बघून त्यांनी त्याला चिंचोका म्हटलं आणि संसार मांडले.

मांडताना दोन गोष्टी त्यांनी गावाकडून जशाच्या तशा आणल्या. एक, दारातला सडा. इथे शेण नाही की मातीचं अंगण नाही, पण धूळ आहे, आणि ती भारी चिवट. दाराच्या रबरी कडेत ती जाऊन बसली की दार नीट लागत नाही, आणि दार नीट लागलं नाही की घरातली हवा बाहेर आणि माणूस वर! म्हणून रोज वाफेने उंबरा साफ करायचा. काम गरजेचं, पण नाव सडाच. दुसरी गोष्ट, घराचं दार पूर्वेला. चिंचोक्याच्या कंबरेभोवती काळ्या खडीचे उंचवटे आहेत. प्रत्येक उंचवट्याच्या पूर्व अंगाला एकेक घर खोदलं गेलं. इंजिनिअर लोकांनी नकाशात दारं चहूबाजूंना दाखवली होती, पण तो नकाशा कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही.

अशी ही पन्नास वर्षं नांदती वस्ती, आणि तिच्यावर आता घर सोडायची पाळी आली होती.

वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या खोदलेल्या दालनाला चावडी म्हणत. तिथे पट्टा महामंडळाचे अधिकारी सॅम्युअल उजागरे उभे होते, म्हणजे कमरेला दोरी बांधून उभे होते, नाहीतर बोलता बोलता छताला लागले असते. चिंचोक्याचं गुरुत्वाकर्षण नावालाच. उजागरे माणूस भला, त्यामुळे वाईट बातमी सांगताना त्यांना घाम फुटला होता.

"चिंचोका मंदावतोय," ते म्हणाले. "स्वतःभोवती एक फेरा घ्यायला त्याला पूर्वीपेक्षा पाव तास जास्त लागायला लागलाय."

"तरीच!" गोदाआत्या मधेच बोलली. "मी हितं नवी आले तवा सूर्य दहादा उगवायचा. मला वाटलं मीच मोजायला चुकती."

गोदाआत्या झोरे ही वस्तीची कारभारीण. सत्तरी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही आणि तोंडाला कुलूप तर मुळीच नाही.

"कारण सापडत नाही, आत्याबाई," उजागरे म्हणाले. "जहाजांच्या झोतांचा हिशोब केला, खाणीचा केला, सूर्यप्रकाशाच्या दाबाचासुद्धा केला. जुळत नाही. गेल्या वर्षी तुमचं कोठार खडीखाली गेलं, उद्या घरं जातील. माझ्या जहाजात बर्फ भरायला महिना लागेल. त्या बर्फाबरोबर तुम्हा सगळ्यांना न्यायचा हुकूम आहे. सेरेसवर घरं तयार ठेवलीत."

"मी न्हाई यायची," आत्या म्हणाली. "माझ्या मालकानं स्वतःच्या हातानं खोदलंय ते घर. मला न्यायचं तर डोंगरासकट उचला!"

लोक हसले, पण आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागे उभ्या असलेल्या वैजयंतीने ते बघितलं.

वैजयंती आत्याच्या भावाची मुलगी. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने वाढवली, सेरेसला पाठवून शिकवली, आणि आता ती खगोलशास्त्रातली डॉक्टर झाली होती. सेरेस म्हणजे पट्ट्यातला सगळ्यात मोठा ग्रहगोल, तिथे शहरं आहेत, कॉलेजं आहेत. तिथल्या नव्या प्रचंड दुर्बिणीवर वैजयंतीची नेमणूकही ठरली होती. चिंचोक्यावर ती वर्षभरासाठी आली होती, आणि याच जहाजातून परत जायची होती. म्हणजे वस्ती हलली तर तिचं काहीच बिघडत नव्हतं, उलट आत्या जवळ राहिली असती. तरीपण ती पुढे झाली.

"उजागरेसाहेब, महिन्याच्या आत कारण सापडलं तर?"

"सापडलं आणि थांबलं, तर मी नुसता बर्फ घेऊन जाईन, डॉक्टर. आणि नाचत जाईन!"

वैजयंतीने दुर्बिणीच्या खोलीत मुक्काम ठोकला. खोली कसली, भोकच ते. आल्यापासून ती तिथे रोज एकच काम करत होती. एक ठरावीक तारा फटीसमोरून गेला की वेळ टिपायची, चिंचोका एक फेरा घेऊन आला आणि तोच तारा पुन्हा दिसला की पुन्हा टिपायची. दोन वेळांतलं अंतर म्हणजे फेरा. रोज तो सेकंदाच्या एवढ्याशा अंशाने लांबत होता. पडद्यावर त्याची रेघ चढत चाललेली दिसत होती, आणि का, ते काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्या डबा घेऊन आली. झुणका-भाकर होती.

"खा आधी. आन मला एक सांग. सावकाश फिरला तर बिघडलं कुठं? वय झालं की माणूसबी सावकाशच चालतो."

"आत्या, हा अखंड दगड नाहीये. नुसती खडी आहे, आपोआप गोळा झालेली. मधे चिकटवायला काही नाही. तू बर्फाच्या कारखान्यात चाळणीवर होतीस ना? चाळण गरगर फिरत असली की खडी कुठे जाते?"

"कडंला. बांध जमतो तिचा."

"आणि चाळण मंदावली की?"

"बांध ढासळतो, खडी खाली येती." आत्या थांबली. "थांब. आपण त्या बांधावर राहतोय व्हय?"

"चाळीसच्या चाळीस घरं. चिंचोका जोरात फिरतो म्हणून त्याच्या कंबरेचा बांध उभा आहे."

"अगं बया!" आत्या म्हणाली आणि पडद्याकडे नव्या नजरेने बघायला लागली. तिने रेघेवर बोट ठेवलं. "आन हितं कशापायी सपाट झालीय ही?"

"तेच तर कळत नाही! दिवाळीनंतर दहा-बारा दिवस चिंचोका अजिबात मंदावला नाही, आणि मग परत सुरू. त्या दिवसांत जहाज नव्हतं, खाण तर रोजच्यासारखी चालू होती. सूर्य काय सुट्टीवर गेला होता?"

"दिवाळीनंतर? तवा आण्णा शेलार गेलं न्हाईत का! समद्या वस्तीला सुतक व्हतं."

"सुतकाचा आणि फेऱ्याचा काय संबंध, आत्या?"

"मला काय ठावं? सुतकात कुणाच्या दारात सडा नव्हता, एवढं मला म्हाईत. चिंधीनं उंबरे पुसून पुसून पोरींची बोटं सोलली."

वैजयंतीचा घास तोंडापाशीच थांबला. झुणक्याचा एक गोळा सुटून छताकडे निघाला, आणि तो कुणी धरला नाही.

"आत्या! सडा कुठल्या दिशेला जातो?"

"उगवतीला. दार तिकडं, मग सडा आणि कुठं जाणार?"

"आणि चिंचोका कुठे फिरतो?"

सूर्य उगवतो ती पूर्व. पण सूर्य काही येत नाही, धोंडाच त्या बाजूला वळत असतो, हे चिंचोक्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. "उगवतीलाच की," आत्या म्हणाली.

"खाणीत हातोडा फेकलास की तुझं काय होतं?"

"मी मागं ढकलली जाते. हितं जोरात शिंकलं तरी माणूस मागं जातो. त्यात काय नवल?"

"मग चाळीस घरं रोज सकाळी उगवतीकडे वाफ फेकतात, तर धोंडा कुठे ढकलला जातो?"

आत्या हळूच म्हणाली, "मागं."

विज्ञान एवढंच होतं, शाळेतल्या पुस्तकातलं. जेवढ्या जोराने काही पुढे फेकाल तेवढ्याच जोराने तुम्ही मागे ढकलले जाल. रॉकेट त्याच्यावरच उडतं. पृथ्वीवर कुणी सडा टाकला तर तो धक्का पृथ्वीच्याच हवेत आणि मातीत जिरून जातो, त्याचं कुणाला काही नाही. पण चिंचोक्याभोवती हवा नाही. फवारा सुटला तो कायमचा गेला, आणि त्याने मागे दिलेला धक्काही कायमचा राहिला. एक फवारा म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी. पण पन्नास वर्षं, चाळीस दारांतून, एकही सकाळ न चुकवता आणि एकाच दिशेला! दारं चहूबाजूंना असती तर धक्के आपसांतच फिटले असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुणी एकानेही दार फिरवलं नाही, म्हणून सगळ्या बायाबापड्यांनी मिळून एक आख्खा लघुग्रह ब्रेक लावत आणला होता. आता बोला!

वैजयंतीने आकडे मांडले, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मांडले. पाव तासाशी जवळपास तंतोतंत जुळणारं उत्तर आलं.

"सापडलं!" ती किंचाळली आणि आनंदाने उडी मारली. चिंचोक्यावर असं करू नये. ती छतावर आपटली, तिथून भिंतीवर, आणि तिथून आत्याच्या गळ्यात.

"अगं सोड, मरशील! आन मलाबी मारशील!" आत्या ओरडत होती आणि हसतही होती.

चावडी खचाखच भरली. वैजयंतीने सगळं समजावून सांगितलं तेव्हा उजागरे पोट धरून हसायला लागले.

"आमच्या महामंडळाने सूर्यकिरणांचा दाब मोजला हो! घरकाम कुणी धरलंच नाही!"

"म्हणजे आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेतला," कुणीतरी म्हणालं.

"आपणच पाडला तर आपणच उचलायचा!" वैजयंती म्हणाली. "कळतंय का तुम्हाला? हा धोंडा आपल्या हातात आहे! आपण पाहिजे तसा फिरवू शकतो!"

तिचा आवाज असा काही चढला होता की मागच्या रांगेतले लोकही दोऱ्या सोडून वर तरंगले. मग जो तो सुचवायला लागला. सडा बंद करू? मग धुळीचं काय, सुतकातल्या दहा दिवसांत तीन दारं गळायला लागली होती. पश्चिमेला एकच भलंमोठं तोंड बसवून जोरदार झोत सोडू? तो झोत खडीत घुसून बांधालाच भगदाड पाडेल, इथे हलके धक्केच हवेत, आणि ते सगळीकडून. मग घरातली वाफ नळीने पलीकडच्या बाजूला नेऊ? नळीत वाफ गोठते. वाफेचं तोंड मोकळं राहायला मागे घराची ऊब लागते, आणि घराला ऊब यायला आत माणूस लागतो.

"म्हणजे काय करायचं ते सरळ सांग की पोरी," बाबू यमगर म्हणाला. हा खाणीचा मुकादम, आत्याचा जुना भांडणमित्र.

"प्रत्येक उंचवट्याच्या मागच्या अंगाला, पश्चिमेला, दुसरं घर खोदायचं. घरातली निम्मी माणसं तिकडे राहायला जातील. पुढच्या घराचा सडा पूर्वेला, मागच्या घराचा पश्चिमेला. दोन्ही धक्के फिटतील. आणि पुढचे काही दिवस फक्त मागच्यांनीच सडा घालायचा, पुढच्यांनी चिंधीने पुसायचं. म्हणजे गेलेला वेगही परत यायला लागेल."

चावडीत कुजबुज सुरू झाली. डोंगर फोडायची कुणाला भीती नव्हती, ते तर त्यांच्या रक्तातच. अडत होतं ते भलतीकडेच.

"मावळतीकडं तोंड करून घर?" यमगर म्हणाला. "असं घर कुणी बांधलेलं ऐकलंय? बरं, बांधू. आत्याबाई, पहिलं कुणाचं?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. नवऱ्याने खोदलेलं घर सोडणार नाही म्हणणारी हीच ती बाई. आत्याने पदर खोचला.

"माझं," ती म्हणाली. "पुढच्या घरात ही पोरगी ऱ्हाईल, मागं मी जाते. डोंगर तोच हाय, माझ्या मालकाचाच. नुसतं दार फिरलं. तू कधी खणतोस ते सांग, यमगर, का तुझी हत्यारं गंजली?"

मग जे काय उधाण आलं म्हणता! चिंचोक्याने असा महिना कधी पाहिला नव्हता. जहाजात बर्फ भरण्यापुरती माणसं खाणीवर ठेवून बाकी सगळे घरं खोदायला लागले. ज्यांनी आयुष्यात पहार धरली नव्हती ते राडारोडा ओढत होते. उजागरे कोट काढून बादल्या उचलत होते. नव्या घरांना नावही पडलं, पाठघर. पुढच्या घराच्या पाठीला पाठ लावून असलेलं, मधे एकच पाठभिंत. कोण पुढे राहणार आणि कोण पाठघरात यावर घरोघर गमतीची भांडणं झाली, आणि कित्येक सासवासुनांनी हा शोध फारच मनापासून स्वीकारला.

आत्याच्या पाठघराचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा अख्खी वस्ती अंतराळपोशाख चढवून बाहेर जमली होती. सूर्य मावळतीला टेकला होता, म्हणजे आत्याच्या थेट तोंडासमोर होता. "या बाजूनं मी त्याला कधी बघितलाच नव्हता," ती म्हणाली. मग तिने वाफेचा दांडा ओढला. पांढरा फवारा पश्चिमेकडे सुटला, उन्हात पिवळाधमक झाला आणि पसरत पसरत नाहीसा झाला. सगळ्यांच्या कानांतल्या यंत्रांतून एकच आरडाओरडा झाला. वैजयंती रडत होती.

जहाज भरत आलं तेव्हा चाळीसही पाठघरं सडा घालत होती. शेवटच्या मोजणीला उजागरे स्वतः दुर्बिणीच्या खोलीत बसले. वस्ती चावडीत श्वास रोखून ऐकत होती. तारा फटीत आला. फेरा पूर्ण झाला. तारा पुन्हा आला.

"कमी!" वैजयंती ओरडली. "फेरा कमी झालाय! चिंचोका पळायला लागला!"

चावडीत लोकांनी एकमेकांना छतावर फेकलं. यमगरने आत्याला उचललं, आत्याने त्याला चापट मारली. उजागऱ्यांनी हुकूम रद्द झाल्याचा निरोप तिथूनच पाठवला, आणि जहाज नुसता बर्फ घेऊन गेलं. वैजयंती त्यात गेली नाही. नवं काम होतं, वर्षभर नीट मोजमाप करायला हवं होतं. सेरेसच्या दुर्बिणीवाल्यांनी जागा राखून ठेवतो म्हणून कळवलं.

पहिले काही महिने वैजयंती सातव्या अस्मानात होती. बांध टिकेल इतका वेग परत आल्यावर पुढच्या घरांनीही सडा सुरू केला आणि चिंचोका एका तालात फिरायला लागला. तो ताल टिकावा म्हणून तिनेच एक नियम सुचवला, आणि सगळ्यांनी हात वर करून तो मान्य केला. सकाळी आधी पाठघराचा सडा. दांडा बंद झाला की पाठभिंतीत 'धप्' असा आवाज येतो. तो ऐकला की पुढच्या घराने आपला सडा घालायचा. एका बाजूचं घर रिकामं झालं तर दुसरंही बंद करायचं, दार कायमचं चिणायचं. यात सूट नाही, कारण आज एकाने घेतली की उद्या दहा जण घेतील, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. नियम चोख होता, सोपा होता, आणि वैजयंतीला त्याचा अभिमान होता.

वर्ष झालं आणि उजागऱ्यांचं जहाज परत आलं. या वेळी बर्फ भरायचा नव्हता, आणि उजागरे मिठाई घेऊन आले होते.

"चला, डॉक्टर! दुर्बीण तयार आहे. पट्टाच काय, पलीकडचं सगळं आकाश तुमची वाट बघतंय. सामान बांधलंत का?"

वैजयंतीने सामान बांधलं होतं. आठ दिवसांपूर्वी बांधून झालं होतं, आणि तेव्हापासून ती दारोदार फिरत होती. माझ्या घरात कुणी राहायला येईल का, एकच माणूस, आत्याच्या पुढच्या अंगाला? सगळे हो म्हणाले होते. आलं मात्र कुणीच नाही. कोण येणार? घर दोन झाल्यापासून ज्याच्या त्याच्याकडे माणूस जेमतेम पुरत होता. शेलारांची सून माहेरी जायची ती गेलीच नव्हती. यमगरचा मुलगा सेरेसला शिकायला निघाला होता, त्याच्या बापाने त्याचा हात धरला आणि नुसतं पाठभिंतीकडे बघितलं. पोरगा राहिला.

ती गेली असती तर पुढचं घर गार पडलं असतं, आणि तिच्याच नियमाने आत्याचं दार चिणलं गेलं असतं. आत्याला नवऱ्याचा डोंगर सोडून कुणाच्या तरी कोपऱ्यात जाऊन राहावं लागलं असतं. आत्या एका शब्दाने काही बोलली नव्हती. उलट, "जा गं बाय, माझं काय मेलीचं," असं रोज म्हणत होती, आणि रोज पाठघराचा उंबरा दोनदोनदा पुसत होती.

"साहेब, मी नाही येत," वैजयंती चावडीत म्हणाली.

"अहो, असं कसं? मग येणार कधी? किती दिवस जागा धरून ठेवायला सांगू?"

वैजयंतीने विचार न करता जे खरं होतं ते सांगितलं. "आत्या आहे तोवर नाही."

बोलून गेल्यावर तिला कळलं. मागे आत्या उभी होती.

आत्याच खो खो हसली. "म्हंजे मी मेले की तुझी सुटका! बरं झालं बाई, तोंडानं बोललीस. उजागरेसाहेब, लिवून घ्या, फार दिवस न्हाई लागायचे!" आणि मग सगळे हसले. यमगर हसला, त्याचा मुलगा हसला, शेलारांची सासू आणि सून दोघीही हसल्या. फक्त हसता हसता कुणी आपल्या पाठघरवाल्याकडे बघेना.

जहाज गेलं. दुसऱ्या दिवशी दिवे उजळले. वैजयंती दांड्यावर हात ठेवून दाराशी उभी राहिली आणि धप् व्हायची वाट बघायला लागली.

धप् झालं नाही.

आत्या कधी उशीर करत नसे. वैजयंतीने पाठभिंतीला कान लावला. भिंत गार होती आणि पलीकडे काहीच हालचाल नव्हती. आणि त्या क्षणाला, घाबरण्याच्याही आधी, तिला एकदम हलकं वाटलं. आता जहाज परत बोलावता येईल का, असा विचार येऊन गेला. किती अंतर गेलं असेल, याचा हिशोबही सुरू झाला होता. मग भीती आली. "आत्या!" तिने दोन्ही मुठी भिंतीवर आपटल्या.

धप्.

रोजच्यासारखंच, दणकून. म्हातारीचा डोळा लागला असेल, दुसरं काय.

वैजयंतीने दांडा ओढला. फवारा उगवतीकडे गेला. ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली, कारण आत्या जिवंत होती, आणि आत्याची काळजी तिला सुटकेच्या विचारानंतर सुचली होती. मग तिला सुचलं की काल चावडीत ते बोलणं सगळ्यांनी ऐकलं आहे. चिंचोक्याच्या कंबरेवरच्या उरलेल्या एकोणचाळीस उंचवट्यांत, या घटकेला, माणसं अशीच भिंतीला कान देऊन उभी होती.